तिसरी तार

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. ताई दर रविवारी फोनवर विचारते, "ब्लॉग बंद केला का बे?" बंद नाही केला. एक खेळ लिहीत होतो.

खेळात चित्रं-बित्रं नाहीत, नुसता मजकूर. "उत्तरेला जा", "कंदील उचल" असं टाइप करायचं आणि समोर काय घडतं ते वाचायचं. प्रकार जुनाच. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. एकाच जगात एकाच वेळी अनेक जण वावरतात, ही त्याची गंमत. माझ्या जगात दोन किल्ले आहेत. आम्ही अमरावतीकर गावीलगडावर, अकोल्याची चुलत मंडळी नरनाळ्यावर. (नऊगजी तोफ नरनाळ्यावर, म्हणजे त्यांच्याकडे. यावरून भांडण झालंच.)

पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीने लिहिलं. दोघांनी एकदम कंदील उचलला की दोघांच्याही हातात कंदील! म्हणून प्रत्येक खोलीला कुलूप घातलं. खोली बदलताना आधी इकडचं कुलूप धरायचं, मग तिकडचं. एकदा मी दिल्ली दरवाजातून आत निघालो आणि पुतण्या त्याच वेळी बाहेर. मी माझं कुलूप सोडेना, तो त्याचं. अरुंद पांदणीत दोन बंड्या समोरासमोर याव्यात तसा सगळा खेळ ठप्प.

मग अर्लांगकडे वळलो. या भाषेत प्रत्येक खोली आणि प्रत्येक खेळाडू म्हणजे एक वेगळी, छोटीशी प्रोसेस. साध्या लॅपटॉपवरही अशा लाखभर चालतात. कुणी कुणाच्या मेमरीला हात लावत नाही, फक्त निरोप पाठवतात. कंदील मागणारे दोन निरोप आले तर खोली ते एकामागून एक वाचते. पहिल्याला कंदील, दुसऱ्याला "नाही". कुलपाचं कामच उरलं नाही.

दिवाळीत अकोल्याला सगळ्यांना खेळायला बसवलं. पुतण्याने नुसतं "उचल" टाइप केलं. काय उचल, ते नाही. त्याची प्रोसेस मेली. बाकीचे मात्र मजेत खेळत राहिले. या भाषेचं धोरणच ते... चूक झाली तर मरू द्या, नवी उभी करणारी दुसरी प्रोसेस आहे. पुतण्या क्षणात परत आला. पण कंदील त्याच्याजवळ होता, तो गेला तो गेलाच. नरनाळ्यावर अंधार.

बाबा शेजारी पेपर वाचत होते. "कोणत्या भाषेत लिवलं हे?"

"अर्लांग."

"अर्लांग? ते तं ट्रॅफिकचं माप हाये लेका."

बाबा अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. जुनी यंत्रं भंगारात गेली त्यानंतर ते कामाबद्दल फारसं बोलत नसत. आणि मी कॉम्प्युटरवाला, मीही कधी विचारलं नाही. एक लाइन तासभर पूर्ण बिझी राहिली की एक अर्लांग, हे मला त्या दिवशी कळलं. ए. के. अर्लांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती. किती कॉलला किती लाइन लागतील याचं गणित त्यांनी मांडलं, त्यावरचा पहिला लेख १९०९ चा. भाषा त्यांच्याच नावाची. स्वीडनच्या एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माईक विल्यम्स यांनी १९८६ पासून ती घडवली, तीही एक्स्चेंजसाठीच. १९९८ साली कंपनीने ती सगळ्यांना खुली केली.

मग मी कंदिलाची अडचण सांगितली. बाबांनी लाइट बिलाच्या पाठीवर तीन रेघा ओढल्या.

"कॉल तुटला तं कोणता सिलेक्टर कुठं अडकला ते आम्ही शोधत बसत होतो का? दोन तारा बोलाच्या, तिसरी पी वायर. तिच्यावर अर्थिंग हाये तोवर सारे सिलेक्टर लाइन धरून ठेवतात. अर्थिंग गेलं का सारे आपापल्या जागी वापस. मरणाऱ्यानं काही कराची गरज नाही."

प्रोसेसना जोडणारी 'लिंक' नावाची सोय अर्लांगमध्ये आहे. एक मेली की दुसरीला कळतं. आर्मस्ट्राँगने पुढे सांगितलं आहे की ही कल्पना जुन्या एक्स्चेंजमधल्या तिसऱ्या तारेवरूनच आली. ते तिला सी वायर म्हणायचे. तो भाग मी वाचला होता हो! पण तार म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे पुढे सरकलो होतो.

त्याच रात्री लिंक लावली. तर पुतण्याबरोबर अख्खी खोली मेली :) लिंकमध्ये एक गेली की दुसरीही जाते, वेगळं सांगून ठेवलं नसेल तर. शेवटी मॉनिटर वापरला. त्यात खोलीला फक्त बातमी मिळते आणि ती कंदील परत आपल्याकडे मांडते.

सकाळी बाबांना बसवलं. त्यांना कीबोर्डवर मराठी अक्षरं सापडेनात, मी दाखवत होतो. कंदील उचलला आणि म्हणाले, "आता मले मारून दाखव." मुद्दाम त्यांची प्रोसेस मारली. कंदील कोनाड्यात परत.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा "उचल" टाइप करायला घेतलं, या वेळी "कंदील" हा शब्द न लिहिता.