‘फॉरमॅट मारावा लागेल!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘काका, फॉरमॅट मारावा लागेल!’

ज्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला, त्यांनी हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असणारच. कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागायचा, मधेच निळा पडदा दाखवून अडून बसायचा. मग गल्लीतला एखादा जाणकार मुलगा यायचा. खांद्यावरच्या बॅगेतून सीडींचे पाकीट काढायचा, थोडा वेळ की-बोर्ड बडवायचा आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगावे तशा गंभीर चेहऱ्याने हे वाक्य उच्चारायचा. त्यावर घरातल्यांचा प्रश्नही ठरलेला असे : ‘म्हणजे सगळं जाणार का?’

या साध्या प्रश्नाचा माग काढत गेले, तर घरगुती कॉम्प्युटरचा चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास हाती लागतो. कॉम्प्युटर म्हणून आपण जी वस्तू ओळखतो, तिच्यात खरे तर तीन गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिले यंत्र, म्हणजे तो डबा, तारा, चकत्या. दुसरी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ही यंत्राला कामाला लावते. आणि तिसरा आपला ऐवज. पत्रे, फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट. पहिल्या दोन्ही बाजारात पुन्हा मिळतात. तिसरा मिळत नाही. कार्यप्रणाली पुन्हा बसवण्याच्या त्या तासाभरात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळले. अनेकांना ते नुकसान सोसून कळले.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली ‘डॉस’ ही कार्यप्रणाली फ्लॉपीवर असे. सकाळी फ्लॉपी घालायची, यंत्र तिच्यावरून शहाणे व्हायचे. संध्याकाळी वीज बंद केली की पुन्हा कोरे. १९८३ मध्ये आयबीएमचा ‘एक्सटी’ आला तो १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो मावतील एवढीच ती जागा. पण आता कार्यप्रणाली यंत्रात कायमची राहायला आली. पहिल्या दोन खणांना, म्हणजे फ्लॉपींना ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे दिलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी इतिहासजमा झाल्या, तरी आपल्या घरचा पहिला ड्राइव्ह अजून ‘सी’च आहे. आणि कायमचे राहायला आलेले कधीतरी बिघडणार, हेही तेव्हापासून सुरू झाले.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर शिरला तो मुख्यतः विंडोजच्या काळात. ‘विंडोज ९५’ हे २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आले. सीडीवर, किंवा सीडी-ड्राइव्ह नसेल त्यांच्यासाठी १३ फ्लॉपींच्या गठ्ठ्यात. तेराव्या फ्लॉपीवर घोडे अडले की पुन्हा पहिलीपासून सुरुवात! ‘विंडोज ९८’ हे २५ जून १९९८ रोजी आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेली यंत्रे पुण्या-नाशकापासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली, त्यातल्या बहुतेकांवर हेच दोन अवतार नांदत होते.

या यंत्रांचा विधी अनेकांना आजही पाठ असेल. आधी बूट फ्लॉपी घालायची. मग ‘एफडिस्क’ या आज्ञेने डिस्कचे भाग पाडायचे. मग ‘फॉरमॅट सी’. पडद्यावर इशारा येई की सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचे का? ‘वाय’ दाबताना घरातली मंडळी श्वास रोखून उभी. मग सीडीवरून सेटअप आणि २५ अक्षरांची किल्ली. पुष्कळ घरांत ती सीडीवरच मार्कर पेनने लिहिलेली असे आणि तीच सीडी साऱ्या गल्लीत फिरत असे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तासाभराने विंडोज उघडे, ते सोळा रंगांत आणि भल्यामोठ्या अक्षरांत. कारण डिस्प्लेचा ड्रायव्हर अजून घालायचा असे. त्यामागोमाग आवाजाचा, मॉडेमचा, प्रिंटरचा. मॉडेमच्या ड्रायव्हरची सीडी हरवली असेल तर मोठीच पंचाईत. तो ड्रायव्हर इंटरनेटवर मिळे, पण मॉडेमशिवाय इंटरनेट कुठले?

एवढा खटाटोप वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा का करावा लागे? विंडोज ९५ पासून यंत्रातल्या साऱ्या सोयी-गैरसोयींची नोंद ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका वहीत होऊ लागली होती. प्रत्येक नवा प्रोग्रॅम तिच्यात आपल्या नोंदी करी, आणि काढून टाकला तरी त्यातल्या बऱ्याच मागे राहत. शिवाय अनेक प्रोग्रॅम काही भाग सामाईक वापरत. सोसायटीच्या सामाईक पंपाचा एखादा भाग एका बिऱ्हाडाने आपल्या सोयीने बदलावा आणि दुसऱ्याच्या नळाचे पाणी जावे, तसे व्हायचे. दोष नेमका कुठे आहे हे शोधत बसण्यापेक्षा सगळे धुऊन पुन्हा मांडणे सोपे पडे.

त्यात व्हायरसची भर पडली. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर जागा झाला. त्याने हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्ये लिहिली आणि काही यंत्रांत तर मदरबोर्डवरच्या चिपमधला मजकूरही बिघडवला. यंत्र सुरू होताच पहिला श्वास घेते ते या चिपच्या बळावर. तीच गेल्यावर फॉरमॅट कशावर मारणार? ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला. तेव्हा नव्याने बसवलेले ‘विंडोज एक्सपी’ इंटरनेटला जोडले, की दुरुस्तीची फाइल उतरवून घेण्याआधीच त्याला लागण होई. आजाऱ्याला आंघोळ घालून पुन्हा त्याच डबक्यात सोडल्यासारखे!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळे जायचे का? खरे तर जुन्या फॉरमॅटने सगळे पुसले जात नसे. डॉस आणि विंडोज ९८ च्या काळातला फॉरमॅट हार्ड डिस्कवरची अनुक्रमणिका कोरी करी. पाने तशीच राहत. पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान फाडावे तसे. म्हणूनच लगेच काम थांबवले, तर जाणकाराला बऱ्याच फाइली परत मिळवता येत. पण त्याच जागेवर नवे विंडोज चढवले, की जुन्या पानांवर नवी अक्षरे उमटत आणि मग काही इलाज उरत नसे.

म्हणून ‘डी’ ड्राइव्हची युक्ती कामाला आली. जुन्या पद्धतीत डिस्कचा एक भाग २ गिगाबाइटपेक्षा मोठा होऊ शकत नसे, म्हणून मोठ्या डिस्कचे तुकडे पाडणे भागच होते. १९९६ मध्ये ही मर्यादा दूर होऊ लागली, तरी आपल्याकडच्या कारागिरांनी ती सवय सोडली नाही. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये आपले सामान. स्वयंपाकघराला आग लागली तरी देवघर वाचावे, असा हा हिशेब. गोची एवढीच होती की ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप, म्हणजे जिथे माणूस सहज हाताने फाइल ठेवतो त्या दोन्ही जागा, ‘सी’मध्येच असत. कित्येक प्रबंध, पत्रिका आणि लग्नाचे फोटो या एका अज्ञानाने गेले.

आमच्या घरी वेगळेच घडले. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी दोन बोटांनी टाइप करत आपल्या गावच्या आठवणी लिहिल्या होत्या, शंभरेक पाने. २००३ साली फॉरमॅट मारायची वेळ आली, तेव्हा ती फाइल आम्ही आठवणीने ‘डी’मध्ये हलवली. काम संपल्यावर मोठ्या विश्वासाने ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘वाचलं म्हणता, पण वाचता येत नाही.’

झाले असे होते की त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. वरून मराठी मुखवटा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. फॉरमॅटमध्ये ‘सी’मधला फॉन्ट गेला आणि मुखवटा गळून पडला. सुदैवाने ज्या डीटीपीवाल्याकडून फॉन्ट आणला होता, त्याच्याकडे त्याची फ्लॉपी अजून होती. दोन दिवसांनी दादांचे गाव पुन्हा मराठीत दिसू लागले.

यावरचा खरा उपाय तेव्हा निघालेला होता. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. ‘विंडोज २०००’ मध्ये त्यासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट आला. पण विंडोज एक्सपीवर मराठीची ही सोय आपोआप सुरू होत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. ही खूण किती घरांत केली गेली असेल? पुढे दादांची सगळी पाने आम्ही युनिकोडमध्ये नेली. जोडाक्षरे आणि रफार तपासत बसायला एक अख्खा उन्हाळा गेला. त्यानंतर यंत्र तीनदा बदलले, कार्यप्रणाली चारदा. मजकुराचे एक अक्षर हलले नाही.

दरम्यान, कार्यप्रणालीची किल्ली घरातून हलू लागली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून नुसता क्रमांक टाकून भागेना. ३० दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोनवरून कंपनीकडे नोंद करून ते ‘अॅक्टिव्हेट’ करावे लागे. गल्लीभर फिरणाऱ्या सीडीला आळा घालणे हा हेतू होता आणि कंपनीच्या बाजूने तो रास्तच होता. पण आपल्या घरातले यंत्र पुन्हा मांडायला बाहेरच्या कुणाची तरी संमती लागते, ही कल्पना नवी होती. २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून ‘रीसेट’चे बटण आले आणि सीडींच्या पाकिटाचे कामच संपले. सोय झाली, हे खरेच. पण तिन्ही थर वेगळे करून पाहण्याची घराघरातली सवयही त्याबरोबर गेली.

ही सवय आज का हवी, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. काही अटींवर ती आणखी एक वर्ष मिळण्याची सोय कंपनीने ठेवली, इतकेच. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. परिणामी, उत्तम चालणारी कितीतरी यंत्रे अधिकृतपणे नव्या घरात जाऊ शकत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, फक्त प्रणाली थकली आहे. ज्याला हा फरक माहीत नाही, तो यंत्र भंगारात देतो.

माहीत असेल त्याला वाट आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सच्या आज कितीतरी मोफत आवृत्त्या मिळतात. उबुंटू २००४ मध्ये आले, तेव्हा त्याच्या सीडी मागेल त्याला टपालाने फुकट घरपोच येत. ही योजना २०११ पर्यंत चालली. बहुतेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हातही न लावता चालवून पाहता येतात. म्हणजे फिरून आपण १९८१ च्या त्या फ्लॉपीपाशीच आलो! प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, मराठी नीट दिसते का, हे सगळे आधी पाहून घ्यावे. ज्यांचे काम विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमवर अडते, त्यांना ही वाट सोयीची नाही. पण पत्रव्यवहार, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी ती पुरते. माझ्याकडचे २०१४ सालचे यंत्र असेच चालते आहे. भाची त्यावर अभ्यास करते.

मात्र पेन ड्राइव्ह घालण्याआधी एक काम करायचे. आपला ऐवज दोन ठिकाणी उतरवून घ्यायचा, त्यातली एक प्रत घराबाहेर ठेवायची, आणि दोन्ही प्रती दुसऱ्या यंत्रावर उघडून, वाचून पाहायच्या. नुसत्या आहेत म्हणून समाधान मानायचे नाही. दादांनी ते २००३ सालीच सांगून ठेवले आहे : वाचलेले वाचताही आले पाहिजे.

हल्ली कुणी मला ‘फॉरमॅट मारला तर सगळं जाणार का?’ असे विचारले, की मी उत्तर देत नाही. उलट विचारतो, ‘प्रती किती आहेत?’