पिशवीचे माप

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि तिलाच लक्ष्मी म्हणतो. जुन्या घरांतून मध्यरात्र उलटल्यावर सुपे बडवीत केर बाहेर काढण्याची चाल असे. अलक्ष्मी गेली! पण गेली कुठे, हे कोणी विचारीत नसे. खेड्यात उत्तर सोपे होते: परसातला उकिरडा, आणि उकिरड्यावरून शेत. शहरात मात्र ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन बसते, आणि तिला वाहून नेण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद सुरू होतो.

मुंबईच्या १८८८ सालच्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ नावाचा एक कर होता. तो मैला वाहून नेण्याबद्दलचा. पण बसे घराच्या करपात्र मूल्यावर, शेकडा अमुक असा. घरातून बाहेर काय आणि किती पडते, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. केराच्या बाबतीतही जगातल्या पुष्कळ शहरांनी हाच हिशेब ठेवला. दक्षिण कोरियात १९९४ अखेरपर्यंत घराचा मालमत्ता कर किंवा क्षेत्रफळ पाहून केराची पट्टी ठरे. एक बादली टाका की दहा, पट्टी तीच!

या हिशेबाचे फळ राजधानी सोलच्या पश्चिमेला, हान नदीच्या काठी साचत होते. नांजिदो हे तिथले एक बेट. नावातच फुलझाडांचा सुगंध, आणि एकेकाळी तिथे भुईमुगाची शेते. १९७८ पासून शहराचा केर तिथे पडू लागला. पंधरा वर्षांत त्या सपाट जमिनीवर केराचे दोन डोंगर उभे राहिले, जवळजवळ शंभर मीटर उंचीचे. त्यांच्या अंगाखांद्यावर झोपड्या घालून माणसे राहत, भंगार वेचून पोटे भरीत. ह्वांग सोक-यंग या कोरियन कादंबरीकाराने पुढे २०११ साली या जगावर एक कादंबरी लिहिली. १९९३ साली नांजिदो भरले आणि बंद झाले. नवी जागा शहरापासून दूर, समुद्रकाठी मिळाली खरी; पण केरासाठी आपले गाव आनंदाने कोण देणार?

तेव्हा सरकारने उलटा विचार केला. १ जानेवारी १९९५ पासून साऱ्या देशात एकच नियम लागू झाला. केर टाकायचा तो नगरपालिकेने छापलेल्या पिशवीतच, आणि ती पिशवी दुकानातून विकत घ्यायची. पाच, दहा, वीस लिटर अशी मापे, आणि पिशवीवर विभागाचे नाव. एका विभागाची पिशवी सहसा दुसऱ्यात चालत नाही. पिशवीच्या किमतीतच केर नेण्याची मजुरी आली. कागद, काच, डबे वेगळे काढून ठेवले तर ते फुकट नेत. साऱ्या योजनेची मेख इथे होती! केर निवडणाऱ्या गृहिणीचे पैसे वाचत, आळस करणाऱ्याचे जात.

पहिले काही महिने गडबडीचे गेले. लोकांनी रात्री आडोशाला केर टाकला, कुठे परसात जाळला. पण कोरियन गृहिणीने लवकरच पिशवी ताब्यात घेतली. पायाने दाबून दाबून भरायची, दुकानातून आणलेल्या वस्तूचे खोके दुकानातच सोडून यायचे! १९९४ साली दर माणशी रोजचा केर सुमारे १.३ किलो होता. पुढच्याच वर्षी तो १.१ किलोच्या आसपास आला. सारे श्रेय पिशवीला देणे मात्र बरोबर नाही. पूर्वी घरोघरी भोके पाडलेल्या कोळशाच्या वड्या जळत आणि केरात त्यांचीच राख फार असे. हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून लोक ती राख रस्त्यावर पसरीत. घराघरांत गॅस आला, तशी ती राख आधीपासूनच कमी होत चालली होती.

गरिबाचे काय? एका पिशवीला श्रीमंतही तेवढेच देतो आणि गरीबही. म्हणून सरकारदरबारी गरीब म्हणून नोंद असलेल्या कुटुंबांना पुष्कळ ठिकाणी पिशव्या फुकट मिळतात. खरे अवघड होते ते उष्ट्या-खरकट्याचे. कोरियन जेवणात भातासोबत दहा वाट्या मांडायची हौस, आणि त्या साऱ्या रिकाम्या होतातच असे नाही. २००५ पासून खरकटे जमिनीत पुरायला बंदी आली, आणि २०१३ पासून त्याचेही पैसे टाकणाऱ्याने किती टाकले त्यावर ठरू लागले. अनेक इमारतींखाली यंत्रे बसली: कार्ड लावायचे, झाकण उघडते, खरकटे ओतायचे, यंत्र वजन करून पैसे मांडते. आपल्या आजीला हे यंत्र फार आवडले असते. पानात टाकलेल्या घासाचा हिशेब ती तोंडीच ठेवीत असे.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. नांजिदोचे नऊ वर्षांतच फिटले. २००२ साली जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी त्या डोंगरांवर उद्याने झाली. शरदात तिथे उंच गवताला रुपेरी तुरे येतात आणि लोक मुलाबाळांना घेऊन जातात. आत साचलेला वायू नळांनी काढून जवळच्या इमारतींना ऊब दिली जाते.

पिशवीच्या मापात मात्र एक खोट राहून गेली होती. किंमत आकारमानाची, वजनाची नाही. म्हणून शंभर लिटरची मोठी पिशवी दुकानदार आणि घरमालक ठासून भरीत, वर आणखी ढीग रचून चिकटपट्टीने बांधीत. पैसे एका पिशवीचे; आणि ती पहाटे उचलून गाडीत फेकणाऱ्या सफाई कामगाराचे खांदे नि कंबर जाई. या दुखापतींच्या तक्रारी वाढल्यावर २०२० च्या आसपास अनेक शहरांनी शंभर लिटरची पिशवी छापणे बंद केले. तिथे आता सर्वांत मोठी पिशवी मिळते ती ७५ लिटरची.