दोन दिवसांचा हिशेब

ठाकूरद्वाराच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या चाळींतील पांच तरुण मागच्या सोमवारीं मुलकीहून परत आले. मुलकी हें कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मंगळूरच्या उत्तरेस, शांभवी नदीच्या मुखाशीं वसलेलें लहानसें गांव. फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे सरकत येण्याचा जो सर्फिंग नांवाचा खेळ आहे, तो तेथें शिकवितात. शुक्रवारीं निघावें, शनिवार-रविवार लाटांत घालवावा आणि सोमवारीं पुन्हां कामावर रुजू व्हावें, असा त्यांचा बेत होता व तो त्यांनीं तडीस नेला. सायंकाळीं गॅलरींत बसून ते खर्चाचा हिशेब मांडीत होते. आगगाडीचें साधें तिकीट, एका खोलींत पांच जणांचा मुक्काम, घरून नेलेल्या दशम्या, फळीचें भाडें, शिकविणाराची फी. साऱ्या बेरजेस पांचांनीं भागून जो आंकडा आला तो पाहून ते स्वतःवरच खूष झाले. त्यांच्यापैकीं एक जण आम्हांस म्हणाला, "काका, इतक्या स्वस्तांत अशी सहल पूर्वीं कोणी केली असेल का हो?"

प्रश्न सहज विचारलेला होता. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आम्हांस तो सहज सोडून देववेना. त्यांच्या वहींत कांहीं रकमा लिहावयाच्या राहून गेल्या आहेत असें आम्हांस वाटलें. हे दोन रिकामे दिवस त्यांस कोणीं मिळवून दिले? समुद्राकडे खेळ म्हणून पाहण्याची दृष्टि आमच्या लोकांत कोठून आली? आणि किनाऱ्यावरचा प्रवास स्वस्त झाला, त्याची किंमत कोणीं भरली?

प्रथम दिवसांचें पाहूं. आठवड्याच्या शेवटीं विश्रांति घ्यावी ही चाल आमच्या जुन्या जीवनक्रमांत नव्हती. पाठशाळेंतील अनध्याय प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या अशा तिथींस असे. शेतकरी आउत सोडी तो सणावारीं. रविवारची सुट्टी इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आली, आणि म्हणून गिरगांवांतील कारकुनास ती आयती मिळाली. परळ-लालबागच्या गिरणीकामगारास मात्र ती आयती मिळाली नाहीं. तो दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापाशीं उभा असे, आणि आठवड्यांतून एक दिवस हक्कानें घरीं बसणें त्यास माहीत नव्हतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, हजारों सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या कमिशनापुढें ठेविला आणि आठवड्याची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, ही गोष्ट मराठी कामगाराच्या मनाला सहज पटणारी होती. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षींच्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्यांतून एक दिवस सुट्टी देणें बंधनकारक ठरलें. शनिवार पुरता मोकळा होण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू झाला तो २०२० सालीं. आमच्या चाळींतील तरुण ज्या दोन दिवसांस निसर्गनियमासारखे धरून चालतात, त्यांपैकीं रविवारचा विस्तार परळच्या चाळींतून झालेला आहे. ही गोष्ट गिरगांवांतील सुशिक्षित घरांत क्वचितच सांगितली जाते, म्हणून येथें मुद्दाम सांगितली.

आतां समुद्राकडे वळूं. फळीवरून लाट उतरण्याचा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरांतील बेटांचा. कॅप्टन कुक याच्या शेवटच्या सफरींतील खलाशांनीं १७७९ च्या सुमारास हवाई बेटांवर तो पाहून आश्चर्य केलें. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मुलकीस रुजला तो २००४ च्या सुमारास, जॅक हेब्नर या अमेरिकन संन्याशाच्या आश्रमांत. त्यापूर्वीं आमचा समुद्राशीं संबंध नव्हता असें नाहीं. कोळी, भंडारी, दालदी यांचें सारें जीवितच त्यावर होतें. पण तो संबंध खेळाचा नव्हता. नारळी पौर्णिमेस त्याला नारळ वाहावा, गणपति त्यांत विसर्जन करावे, आणि मुख्य म्हणजे त्यावरून घरीं जावें. मुंबईच्या चाकरमान्यास समुद्र ही वाट होती. भाऊ अजिंक्य यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत ती जाई. बहुतेक ठिकाणीं बोट धक्क्यास न लागतां खोल पाण्यांत उभी राही, आणि हेलकावणाऱ्या पडावांत बायकामुलांसह, ट्रंका-वळकट्यांसह उतरावें लागे. प्रवासांत पोटांत ढवळून येणें यास 'बोट लागणें' म्हणतात. आज मोटारीनें जाणाऱ्यासहि 'गाडी लागते' ती त्याच धर्तीवर. ज्या लाटेवर आमचे तरुण पैसे देऊन चढतात, ती लाट त्यांच्या पणज्यांनीं डोळे मिटून व देवाचें नांव घेऊन सोसली होती.

राहिला प्रश्न स्वस्ताईचा. कोकणच्या किनाऱ्यावर प्रथम शेफर्ड कंपनीच्या व पुढें बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी चालत. परक्या कंपन्यांच्या हातीं आपली वाट असूं नये, या स्वदेशी भावनेनें सहकारी तत्त्वावर एक आगबोट कंपनी निघाली. कोकणांतील लोकांनीं तिला प्रेमानें 'माझी आगबोट कंपनी' हें नांव दिलें. तिच्या बोटींस संतांचीं नांवें होतीं. स्वस्त डेकचें तिकीट काढून, वळकटीवर बसून गरीब मनुष्य आपल्या माणसांच्या बोटींतून आपल्या गांवीं जाऊं लागला.

या स्वस्त वाटेवर जीवहि गेले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. वीस वर्षांनंतर, १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलेलें असतां, 'रामदास' बोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढांतील अमावास्या तोंडावर आली होती; सणासाठीं घरीं निघालेलीं माणसें बोटीवर होतीं. वाटेंत पावसाळी वादळानें गांठलें. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनें बोट एका अंगास कलली, घाबरलेले लोक एका बाजूस धांवले, आणि बोट उलटली. बिनतारी संदेशाची सोय बोटीवर नसल्यामुळें ही वार्ता मुंबईस कळण्यास दिवस कलावा लागला. रेवसकडील कोळ्यांनीं होड्या घालून कांहींना वांचविलें. तथापि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. गिरगांव, परळ, लालबाग येथील कित्येक घरांत त्या वर्षीं पंधरा ऑगस्टला दिवे लागले नसतील, याचा उल्लेख शालेय पुस्तकांत येत नाहीं.

आमच्या घरीं कोणी त्या बोटीवर नव्हतें, म्हणून आम्हांसहि ही हकीकत पुष्कळ दिवस ठाऊक नव्हती. ती कळली ती अशाच एका स्वस्त सहलींत. कॉलेजांत असतांना आम्ही पांच मित्र हिवाळ्यांतील एका शनिवारीं अलिबागेस निघालों. धक्क्यावरून लाँचनें रेवस, तेथून एस. टी., आणि रात्रीं एका मित्राच्या मावशीच्या पडवींत मुक्काम, असा अगदीं काटकसरीचा बेत होता. लालबागेस राहणारा आमचा एक मित्र मात्र लाँचनें येण्यास तयार होईना. पनवेल, पेण, वडखळ असा दूरचा वळसा घेऊन, जास्त पैसे भरून, तो एकटा एस. टी. नें आला. दिवसभर आम्हीं त्याची मनसोक्त थट्टा केली. कोंकणी माणूस आणि पाण्याला भितो, असें म्हटलें. तो हंसत राहिला. रात्रीं पिठलेंभात झाल्यावर मावशींनीं त्याचें गांव विचारलें, आडनांव विचारलें, आणि क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे तुमचे आजोबा रामदासवर होते ते?" त्यानें मान हालविली. त्याच्या आजीनें त्यानंतर घरांतल्या कोणास धक्क्याची पायरी उतरूं दिली नव्हती, आणि ती हयात असेतों तो तिचा शब्द मोडणार नव्हता. दुसऱ्या दिवशीं परतीच्या लाँचमधून तांडेलानें हात करून काशाचा खडक दाखविला. आम्ही चौघेहि गप्प होतों. मित्राची क्षमा मागावी असें वाटत होतें. परंतु त्या वयांत तसें शब्द सुचत नाहींत, व पुढें सवड झाली तेव्हां तो विषय काढण्याचें धैर्य झालें नाहीं.

आज ती आगबोट कोकणांत जात नाहीं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सातशें चाळीसाहून अधिक किलोमीटर कोंकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ पासून ती सबंध चालू झाली. तिच्याच एका स्थानकावर आमचे तरुण मुलकीस उतरले. तिचे बोगदे खोदतांना आणि पूल उभारतांना कामगार मृत्यु पावले. त्यांचें स्मारक रत्नागिरीस आहे. गाडी तेथें थांबते, पण आमच्या पांचांपैकीं कोणीं तें पाहिलें नव्हतें. रात्रीची वेळ होती आणि ते झोंपले होते. त्यांत त्यांचा दोष नाहीं. सुखानें झोंप यावी एवढ्यासाठींच वाटा चांगल्या कराव्या लागतात.

हें सारें आम्हीं त्यांस सांगितलें तें त्यांच्या आनंदांत विरजण घालावें म्हणून नव्हे. पणजीनें ज्या लाटेस भ्यावें तिच्यावर पणतवानें उभें राहावें, ही एका समाजाची मोठी मजल आहे असेंच आम्ही मानतों. मागणें एवढेंच कीं, पावसाळ्यांत समुद्रास आव्हान देऊं नये, पोहणें आधीं शिकावें, भरतीओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यास विचारावी आणि त्यानें 'नको' म्हटल्यास तें ऐकावें. आणि सोबत्यांपैकीं एखादा पाण्यांत उतरण्यास कचरला, तर हंसण्यापूर्वीं त्याच्या घरची हकीकत विचारावी.

ज्यानें प्रश्न विचारला होता तो मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "काका, ते तुमचे लालबागचे मित्र आतां कोठें असतात?" आम्हीं पत्ता सांगितला. पुढच्या रविवारीं त्यांच्याकडे जाण्याचें ठरलें आहे.