अर्धा शेर धान्य

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग हा पूर्वापार अवर्षणाचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस बारामती-इंदापूर गाठीपर्यंत अगदी विरून जातो. मालोजीराजांच्या जहागिरीचे इंदापूर आणि मोरोपंतांच्या वास्तव्याने पुनीत झालेली कऱ्हाकाठची बारामती ही नावे इतिहासात मोठी खरी. परंतु तेथील कुणब्याच्या पोटाचा इतिहास निराळाच आहे. प्रजेच्या शरीरस्वास्थ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या मुलखाने राज्यकर्त्यांपुढे वारंवार टाकला आहे.

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगलसाहेबांनी ठरविलेला सारा इंदापूर तालुक्यास इतका जड झाला की लोकांनी जमिनी टाकून दिल्या व शेते ओस पडली. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना तेथे नव्याने मोजणी करून सारा उतरवावा लागला. पुढे कर्जाचा फास आवळला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. अशा रीतीने आधीच खंगलेल्या या प्रदेशावर १८७६ चा दुष्काळ कोसळला.

पाऊस गेला, ज्वारी-बाजरी करपली, गुरे मेली. सरकारने खडी फोडण्याची, रस्ते व तळी खणण्याची कामे काढली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस राणीला सम्राज्ञीपद अर्पण करण्याचा दरबार मोठ्या थाटाने भरला. आणि त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल दुष्काळी भागाच्या पाहणीस निघाले. याच टेंपलसाहेबांनी १८७३-७४ च्या बंगाल-बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य जीव वाचविले होते. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळावयाची, ती न मिळता उधळेपणाचा ठपका मात्र मिळाला. तो धडा त्यांनी फारच चांगला गिरविला. धडधाकट पुरुषास दिवसभराच्या श्रमाबद्दल एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे अर्धा शेर, व वर एक आणा पुरे, असा दर त्यांनी सुचविला. स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी.

हा दर लागू होताच दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्यांनी मजुरीवर पाणी सोडावे ही गोष्ट साधी नव्हे. सरकारी तर्क असा की, ज्या अर्थी हे लोक काम सोडून जातात, त्या अर्थी ते खरे गरजू नव्हेत. या तर्कास उत्तर दिले ते पुण्याच्या सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा व तिचे मार्गदर्शक न्यायमूर्ती रानडे यांनी गावोगावची माहिती मिळविली आणि अर्जांवर अर्ज धाडले. सभेचे म्हणणे सरळ होते: एवढ्या अन्नावर कष्टकरी देह टिकत नाही, म्हणून ही मजुरी नव्हे, सावकाश आणलेले मरण आहे.

तिकडे मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश हेही वैद्यकाच्या आधाराने हेच सांगत होते. मद्रास सरकारला अखेर तो दर वाढवावा लागला. येथे युरोपातील एका प्रसंगाची आठवण होते. १८४८ मध्ये प्रशियन सरकारने रुडोल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरास सायलेशियातील तापाची साथ तपासण्यास पाठविले. त्याने औषधांच्या यादीऐवजी लोकशाही, शिक्षण व न्याय्य कर यांची मागणी अहवालात मांडली. रोगाचे मूळ शोधू जाता तो राज्यकारभारापाशी पोहोचला. आणि आमचे सभेचे पुढारी राज्यकारभार तपासू जाता माणसाच्या पोटापाशी पोहोचले. दोन वाटा, पण मुक्काम एकच.

महात्मा फुले व त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी त्याच वर्षी धनकवडी येथे बालाश्रम काढून दुष्काळपीडित मुलांस अन्न दिले. या दयेचे मोल कोण नाकारील? तथापि दया दात्याच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून असते. धनकवडीपर्यंत पोहोचले ते मूल जगले; जे वाटेतच पडले त्याचे काय? ज्याचे उत्तर ‘त्याचे नशीब’ असे द्यावे लागते, ती व्यवस्था नीतीच्या कसोटीस उतरत नाही. म्हणूनच दयेच्या जोडीला हक्काची मागणी लागते, आणि हक्क मागावयाचा म्हणजे राजकारणात उतरावयाचे. फुल्यांनी पुढे शेतकऱ्यांची गाऱ्हाणी थेट सरकारपुढे मांडली, यात या दोहोंचा मेळ दिसतो.

ते सारे अर्ज व्यर्थ गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने संकटात प्रजेस जगविणे हे सरकारचे कर्तव्य मानले व १८८३ मध्ये त्यासाठी नियमसंहिता तयार झाली. नीरेचा डावा कालवा होऊन पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात आले. १९४६ मध्ये भोर समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारास मुकू नये, हे तत्त्व देशापुढे ठेवले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तो १९७७ मध्ये, म्हणजे टेंपलसाहेबांच्या अर्ध्या शेरानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आणि २०१७ मध्ये राज्याच्या आरोग्य योजनेस नाव मिळाले ते धनकवडीस मुलांना जेवू घालणाऱ्या जोतिरावांचे.

नाव देणे सोपे, नावास जागणे कठीण. आजही घरात दुखणे शिरले की पाठोपाठ कर्ज शिरते, आणि सुप्याच्या बाजारात जळालेल्या त्या खतांचे नवे अवतार लिहिले जातात. १८७७ चा प्रश्न एका वाक्यात सांगता येईल: माणसाला जगण्यापुरते किती द्यावे, हे ठरविताना त्या माणसास विचारावयाचे की नाही? खडीच्या ढिगावरून उठून गेलेल्या त्या निरक्षर मजुरांनी, कोणी न विचारताच, त्याचे उत्तर दिले होते. शहरातील सुशिक्षितांनी ते ऐकले, समजून घेतले व सरकारदरबारी पोहोचविले, हीच त्या काळच्या सुशिक्षितांची खरी पुण्याई. उत्तर आजही तेच आहे. ते पोहोचविणारे हवेत.