‘शॉटगन!’ : ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बंदूक कुठून आली?

अमेरिकन सिरीजमध्ये चार मित्र गाडीकडे निघाले की एक जण लांबूनच ओरडतो, ‘शॉटगन!’ म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीट माझी. हल्ली आपल्याकडेही ट्रिपला निघताना हे ऐकू येतं. पण सीटचा आणि बंदुकीचा संबंध काय?

एकोणिसाव्या शतकातली पश्चिम अमेरिका. जिथे रेल्वे पोचली नव्हती तिथे माणसं, टपाल, सोनं-चांदी, सगळं घोड्यांच्या स्टेजकोचमधून जायचं. चार-सहा घोड्यांचे लगाम धरून ड्रायव्हरचे दोन्ही हात अडकलेले, आणि त्याच्या पायाशी वेल्स फार्गो कंपनीची पैशांची पेटी! म्हणून मोठी रक्कम असली की शेजारी एक पहारेकरी बसायचा, आखूड नळीची शॉटगन घेऊन. धक्के खाणाऱ्या गाडीवरून नेम कसला लागतोय? शॉटगनचे छर्रे पसरतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी भागतं. माझ्यातल्या इंजिनिअरला हा विचार जाम आवडतो. फक्त एक लोचा होता. पहारेकरी दिसला, की आज पेटीत माल आहे हेही सगळ्यांना कळायचं.

१५ मार्च १८८१ च्या रात्री ॲरिझोनात टूम्बस्टोनहून बेन्सनला जाणाऱ्या स्टेजवर हल्ला झाला. पहारेकरी होता बॉब पॉल, ड्रायव्हर बड फिलपॉट. फिलपॉटला बरं वाटत नव्हतं म्हणून दोघांनी जागा बदलल्या होत्या, असं सांगतात. गोळी लागली ती पहारेकऱ्याच्या जागेवर बसलेल्या फिलपॉटला. तो गेला, एक प्रवासीही गेला. पॉलने उधळलेले घोडे आवरले आणि पेटी वाचवली. पुढे टूम्बस्टोनमध्ये ओके कोरलची प्रसिद्ध चकमक झाली, तिच्यामागच्या वैरात या दरोड्याचाही वाटा होता.

आता खरी गंमत ऐका. या कामाला तेव्हा ‘शॉटगन मेसेंजर’ म्हणायचे. ‘रायडिंग शॉटगन’ हा प्रयोग छापील मजकुरात दिसतो तो १९०५ मधल्या आल्फ्रेड हेन्री लुईसच्या ‘द सनसेट ट्रेल’ या कादंबरीत, म्हणजे स्टेजकोचचे दिवस सरत आल्यावर. मग जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ (१९३९) आणि त्यामागून आलेल्या वेस्टर्न सिनेमांनी तो घरोघरी नेला. त्यामुळे ‘काउबॉय असं ओरडायचे’ सांगणारं रील आलं, तर बिनधास्त पुढे स्क्रोल करा.

आणि हो, या खेळाचा एक नियम बहुतेक सगळे पाळतात: गाडी नजरेत आल्याशिवाय ओरडायचं नाही. सीट मिळाली की मॅप बघणं, गाणी लावणं आणि ड्रायव्हरला झोपू न देणं ही ड्युटी तुमची.