कसब की नशीब?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, तेव्हा टीव्हीवरच्या चर्चांमध्ये एक मुद्दा सारखा कानावर पडत होता. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असे खुद्द सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे, मग बंदी कशी? मुद्दा खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा शोधायला जरा मागे जावे लागते. आणि मागे जायचेच तर आधी न्यूयॉर्कला जाऊ, कारण 'कसब की नशीब' या वादातला सगळ्यात मजेशीर किस्सा तिथला आहे.

जानेवारी १९४२. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरलेली, आणि न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी युद्ध पुकारले ते पिनबॉलवर! आपल्याकडे खिळे ठोकलेल्या लाकडी पाटीवर गोट्या उडवायचा खेळ मिळायचा ना, त्याचाच हा थोरला भाऊ. नाणे टाकायचे, स्प्रिंग ओढायची आणि गोळी कुठे जाते ते बघत बसायचे. ही यंत्रे शाळकरी पोरांचे खिसे रिकामे करतात आणि पैसा गुंडांकडे जातो, असे महापौरांचे म्हणणे. पोलिसांनी छापे घातले, यंत्रे जप्त झाली आणि महापौरांनी हातोडा घेऊन ती फोडतानाचे फोटो काढून घेतले. (फोटोसाठी कारवाई ही आपल्याकडचीच खासियत आहे असे कोणी समजू नये!)

आता गंमत बघा. तेव्हाच्या पिनबॉलला ते दोन फटके मारणारे दांडे, म्हणजे फ्लिपर, नव्हतेच. गोळी एकदा सुटली की खेळणाऱ्याने यंत्राला धक्के देण्यापलीकडे काही करण्यासारखे नसे. म्हणजे हा बराचसा नशिबाचा खेळ होता. फ्लिपर आले १९४७ मध्ये, आणि खेळ पार बदलला. कायदा मात्र तिथेच थांबला, १९७६ पर्यंत! त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या एका तरुण पत्रकाराने नगरपालिकेच्या समितीसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवले. शेवटी तो म्हणाला, आता मी स्प्रिंग अशी ओढतो की गोळी मधल्या वाटेनेच जाईल. ओढली, आणि गेली! बंदी उठली. कसब सिद्ध झाले. पुढे शार्पनेच सांगितले की त्या नेमक्या फटक्यात नशिबाचाही हात होता.

मला हा किस्सा फार आवडतो. कौशल्याचा पुरावा म्हणून जे दाखवले गेले तेच नशिबावर तरले होते. म्हणजे कसब आणि नशीब यांच्यातली रेघ इतकी पुसट असते. मग अख्खा कायदा त्या रेघेवर उभा करायचा का?

आपण तेच केले. इंग्रजांच्या १८६७ च्या जुगारविरोधी कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. स्वातंत्र्यानंतर वाद पेटला तो शब्दकोड्यांवरून! बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकात बक्षिसांची शब्दकोडी येत, आणि त्याचा मोठा वाचक मुंबई राज्यात होता. प्रवेश फी भरायची आणि उत्तर संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळले तर बक्षीस. मुंबई सरकारने त्यावर नियंत्रण आणि कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि १९५७ मध्ये निकाल आला की ही कोडी जुगारच आहेत, आणि जुगार हा काही व्यापार नव्हे. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे अशा स्पर्धा मात्र वेगळ्या. इथून ती रेघ पक्की झाली.

मग १९६७ मध्ये रमी. सिकंदराबादच्या एका क्लबवर छापा पडला होता. न्यायालयाने सांगितले की कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे ते ठरवावे लागते, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. तीन पत्तीसारखा नव्हे. पत्ते वापरायला दिल्याबद्दल क्लब थोडेफार शुल्क घेतो, तेही ठीक. इथपर्यंतचे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निकालात पुढे असेही आहे की क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकतो.

हाच तो उरलेला अर्धा.

आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर रमी चालायची. पैशांऐवजी चिंचोके. आजी पक्की खेळाडू, समोरच्याने काय टाकले ते कधी विसरायची नाही. पण आम्ही कितीही हरलो तरी घराचा त्यात काही फायदा नव्हता. उलट चहा घराचाच! मोबाईलवरच्या रमीत नेमके हे बदलले. पाने तीच, डोके तेच, पण प्रत्येक डावातला एक हिस्सा कंपनीचा. तुम्ही जिंका किंवा मी जिंको, जितके डाव जास्त तितकी तिची कमाई. सिकंदराबादच्या क्लबात निदान रात्र झाली की दिवे मालवत असतील. फोनचा क्लब कधी बंदच होत नाही.

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचे गणितही असेच होते. डाव लवकर संपला तर पुढचे नाणे पडणार. २०१८ मध्ये बेल्जियमने काही गेममधल्या 'लूट बॉक्स'ना, म्हणजे आत काय निघेल ते न सांगता विकलेल्या पेट्यांना, जुगाराच्या कायद्याखाली घेतले. पेटी सोडून बाकीचा अख्खा गेम कौशल्याचा असला तरी!

आणि आपली माध्यमे? एके काळी बक्षिसांची कोडी छापणारी, पुढे बंदी येईपर्यंत फँटसी क्रिकेटच्या जाहिराती दाखवणारी. २०२० मध्ये आयपीएलच्या नावापुढे अशाच कंपनीचे नाव होते, २०२३ पासून भारतीय संघाच्या जर्सीवरही तेच आले आणि बंदी येईपर्यंत राहिले. त्यामुळे खोलात चर्चा होणार तरी कशी? जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात एका मंत्र्यांच्या फोनवर रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो असे मंत्री म्हणाले. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले, आणि विनोदांना ऊत आला. त्या गदारोळात रमीच्या अॅपविषयी फारसे कोणी बोललेच नाही.

नव्या कायद्याने कसब की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे लावलेला ऑनलाईन खेळ म्हटला की बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. ती पुसट रेघ सोडली हे मला बरेच वाटले. पण सरसकट बंदीने मी निर्धास्त झालो असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये चौतीस वर्षे पिनबॉल काही मेला नाही, मागच्या खोलीत गेला. इथे मागची खोली म्हणजे परदेशी बसलेली, कोणालाच जबाबदार नसलेली वेबसाईट. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे, आणि तिथे पुन्हा कौशल्याचेच गोडवे गायले जाणार.

मला वाटते, प्रश्नच वेगळा विचारायला हवा. खेळणाऱ्याकडे कसब किती, हे नंतर बघू. आधी हे सांगा, की तो हरत राहिला तर पोट कोणाचे भरते? १९६७ च्या निकालात हा प्रश्न एका वाक्यात येऊन गेला होता. आपण अठ्ठावन्न वर्षे त्याच्या आधीचीच वाक्ये वाचत बसलो.

असो. पत्ते वाईट नाहीत, मंडळी. फक्त डाव मांडणारा कोण, ते बघून बसावे.