कॉटन मार्केट स्टेशनात कापूस कुठाय?

आपल्या हुडकेश्वरात काही मेट्रो येत नाही. पण शहरातून मेट्रोनं एम्प्रेस मॉलला जाणारे उतरतात कॉटन मार्केटला. ॲक्वा लाइनवरचं हे स्टेशन २०२३ मध्ये सुरू झालं. नाव कापसाचं, शेजारी भाजीबाजार आणि जवळच मॉल. मग कापूस गेला कुठे?

त्यासाठी मागे जावं लागेल. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याकडचा कापूस. गाठी मुंबईला, तिथून जहाजानं इंग्लंडला. आणि तिकडच्या गिरण्यांचं कापड परत आपल्याच बाजारात! जाण्यायेण्याचं भाडं शेवटी कोणाच्या खिशातून? आपल्याच.

जमशेदजी टाटांनी हा हिशेबच उलटा केला. १८७४ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं. कापूस इथलाच, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, दलदलीची जागा घेतली. मॅनेजर केलं बेझनजी मेहतांना. हा माणूस गिरणीतला नव्हता बरं का, रेल्वेच्या मालवाहतुकीतला होता! १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस.

या गिरणीत १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. हे साल लक्षात ठेवा. बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, गिरणी टाटांच्या हातून गेली. पुढे सरकारी महामंडळानं चालवली आणि २००२ मध्ये ती बंदच पडली. त्या जागेवर मॉल आणि फ्लॅट उभे राहिले.

रेल्वेमुळे गिरणी आली, गिरणीच्या जागी मॉल आला आणि आता मॉलला जायला पुन्हा रेल्वे. फरक एवढाच, की तेव्हा लोक इथून पगार घेऊन निघायचे. आज पगार घेऊन येतात आणि खर्च करून निघतात.

अर्थात, मॉलमध्येही माणसं कामाला आहेतच. दुकानातली पोरं, सफाईवाल्या मावशी, गेटवरचे काका. पुढच्या वेळी गेलात तर त्यांना एकदा विचारा, म्हातारपणासाठी तुमच्या नावावर काही जमा होतं का? १८८६ मध्ये याच जागेवर कोणीतरी त्याचा विचार केला होता.

भेटू पुढच्या भागात!